मोटार शाबूत, बिघाड ऑटोत : छातीतली धडधड आणि पॅनिक अटॅक

प्रश्न विचारणारे गृहस्थ रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहेत, वय ३६ वर्षे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तंबाखू थोडी आणि चहा मात्र दिवसाला सात-आठ कप. मागच्या पोळ्यानंतर त्यांचे सख्खे काका वयाच्या ५२व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दशक्रिया होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तोच एका रात्री दीडच्या सुमारास हे गाढ झोपेतून ताडकन उठून बसले. छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता, अंगाला दरदरून घाम सुटला होता, हातांना मुंग्या येत होत्या आणि आपण आता जाणार अशी खात्री वाटत होती. भावाने गाडी काढून दवाखान्यात नेले. पोहोचेपर्यंत निम्मे ओसरले होते. तेव्हापासून सहा महिन्यांत हे नऊ-दहा वेळा झाले आहे. सात ईसीजी, एक इको (हृदयाची सोनोग्राफी), एक टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), सगळे नॉर्मल. ते पत्रात विचारतात की रिपोर्ट नॉर्मल असतील, तर ही धडधड खोटी म्हणायची का. झोपेत कसले आले टेन्शन. अँजिओग्राफी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा का. पाच महिने घेत असलेली झोपेची गोळी चालू ठेवावी का. आणि शेतीपंपाची लाईट रात्री येते तेव्हा पाणी द्यायला एकट्याने शेतात जावे की नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. तुमची धडधड खोटी नाही. त्या वेळी कोणी नाडी धरली असती, तर ती मिनिटाला ११० किंवा १३० सहज भरली असती. घाम खरा होता, मुंग्या खऱ्या होत्या, छातीत दुखले असेल तर तेही खरे. 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगून रुग्णाला घरी पाठवण्याची आम्हा डॉक्टरांची पद्धत मला कधीच पटलेली नाही, कारण त्या वाक्यावर रुग्णाचा विश्वास बसत नाही आणि बसूही नये.

तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असेल. लाईट आली की तो कुणालाही न विचारता मोटार चालू करतो. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की बागेला पाण्याची गरज नसो. मोटार फिरते, पाइप थरथरतो, पाणी धो धो पडते. यातले काहीही खोटे नसते. मात्र ऑटोत बिघाड होऊन तो भलत्या वेळी मोटार उचलू लागला, तर मोटार विहिरीतून काढून वाइंडिंगवाल्याकडे नेण्यात अर्थ नसतो. तो मीटर लावून पाहील आणि सांगेल, 'भाऊ, मोटार चांगली आहे.' तुमच्या सात ईसीजींनी सात वेळा तेवढेच सांगितले आहे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. फक्त ऑटोकडे पाहायचे राहून गेले.

हा ऑटो म्हणजे आपली सिंपथेटिक मज्जासंस्था. मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा, अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग असतो आणि धोका ताडणे हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक आहे. विचार करणाऱ्या मेंदूची परवानगी घेत तो बसत नाही. त्याने इशारा दिला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, काही सेकंदांत हृदयाची गती आणि जोर दोन्ही वाढतात, पोटाकडचे आणि त्वचेतले रक्त मांड्या-दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते आणि घाम सुटतो. केळीच्या बागेत पायाशी साप सळसळला, तर तुम्ही 'साप' हा शब्द मनात आणण्याआधीच मागे उडी मारलेली असते, ती याच यंत्रणेच्या बळावर. पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे धोका नसताना अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यात, यंत्रणा तीच आणि तेवढ्याच जोराने चालते, पण समोर साप नसतो आणि उडी मारायला जागाही नसते. खाटेवर बसलेल्या माणसाला मग ती सगळी धावपळ एकट्या छातीत जाणवते.

अशा झटक्याला स्वतःची एक चाल असते. तो साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात उतरतो, कारण ॲड्रेनलिन रक्तात फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांतच त्याचे विघटन होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तुम्हाला निम्मे बरे वाटले, ते यामुळे. पण मनाने हिशेब वेगळा मांडला: दवाखाना गाठला म्हणून वाचलो. हा चुकीचा हिशेब पुढच्या प्रत्येक झटक्याला तुम्हाला गाडीत बसवतो आणि प्रत्येक खेपेला स्वतःला खरा ठरवून घेतो.

झोपेतून उठवणाऱ्या झटक्यांचे पुष्कळांना कोडे वाटते. ते वाईट स्वप्नामुळे येत नाहीत. स्वप्नांच्या झोपेत नव्हे, तर हलकी झोप गाढ होत जाते त्या टप्प्यावर येतात. त्या वेळी श्वास आणि नाडी यांत नैसर्गिक चढउतार होतच असतात. काकांच्या मृत्यूनंतर तुमचा मेंदू छातीवर पहारा ठेवून आहे आणि पहारेकरी झोपेतही पुरता झोपत नाही. नेहमीचा एखादा चढउतार त्याला चाहूल वाटतो आणि तो दांडा आपटतो. म्हणूनच 'मला कसलेच टेन्शन नव्हते' हे तुमचे म्हणणे आणि हा पॅनिक अटॅक असू शकतो हे माझे म्हणणे, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

मुंग्यांचे कारण हृदयात नसून श्वासात आहे, आणि हे मी रुग्णांना नुसते सांगत नाही, दाखवतो. काही वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास भर दुपारी, बाहेर पारा ४४ अंशांवर असताना, माहेरी आलेल्या एका तरुण मुलीला चौघांनी उचलून दवाखान्यात आणले. दोन्ही मनगटे आत वळलेली, बोटे एकमेकांना चिकटून चोचीसारखी झालेली, अंगठे तळव्यात घट्ट रुतलेले. सोबतच्या आजी कपाळ बडवत 'लकवा व्हई गया' म्हणत होत्या. मी घड्याळ लावून तिचे श्वास मोजले: मिनिटाला ३४. ऑक्सिजन ९९, साखर ठीक, ईसीजीत गती ११८ आणि बाकी काही नाही. माणूस असा भराभर श्वास घेतो, तेव्हा ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने रक्त किंचित अल्कधर्मी होते, रक्तातले मोकळे कॅल्शियम कमी होते आणि नसा नको तितक्या संवेदनशील होतात. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात आणि पुढे हात असे वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, त्यामुळे गरगरते आणि भोवतालचे सारे परके, काचेपलीकडचे वाटू लागते. श्वास पुरत नाही असे वाटून माणूस आणखी जोरात ओढतो, आणि चक्र पुरे होते.

त्या मुलीचा हात मी तिच्याच पोटावर ठेवायला लावला आणि श्वास घेण्याविषयी काही न बोलता फक्त सोडायला सांगितले, शीळ घालताना ओठ करतो तसे करून, सहा अंक मोजेपर्यंत. घेण्याचे काम शरीर आपोआप करते. बाराव्या मिनिटाला डावा अंगठा सुटला, मग उजवा. आजींनी तो अंगठा दोनदा वाकवून पाहिला आणि मग पदराने स्वतःचे तोंड पुसले. तोंडावर कागदाची किंवा प्लॅस्टिकची पिशवी धरण्याचा जुना उपाय मात्र कोणीही करू नये. त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा निघाला, तर त्यातून जीव जाऊ शकतो.

ठोका चुकण्याविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण रुग्णांना सर्वांत जास्त घाबरवणारी तक्रार तीच असते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर किंचित लांब विसावा येतो, त्या विसाव्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका ते जोराने ढकलतो. आपल्याला जाणवतो तो हा विसावा आणि त्यानंतरचा धक्का. ठोका प्रत्यक्षात चुकलेला नसतो. होल्टर, म्हणजे २४ तास अंगावर बांधून ठेवायचे ईसीजीचे यंत्र, निरोगी माणसांना लावले, तरी असे जास्तीचे ठोके पुष्कळांत सापडतात. चहा, तंबाखू, जागरण आणि ॲड्रेनलिन यांनी ते वाढतात. रात्री ते जास्त जाणवण्याचे कारणही साधे आहे: शेतातली आणि रस्त्यावरची गडबड शांत झालेली असते, डाव्या कुशीवर वळल्यावर हृदयाचे टोक छातीच्या भिंतीला अधिक टेकते आणि कान उशीवर दाबला की त्यातली नाडी ऐकू येते. कूस बदलल्यावर धडधड कमी जाणवली, तर हेच घडत असण्याचा संभव अधिक.

छातीत दुखण्याबद्दल थोडक्यात सांगतो. डाव्या स्तनाखाली एका बोटाने दाखवता येणारी, सुई टोचल्यासारखी, काही सेकंदांची कळ किंवा दाबल्यावर वाढणारे दुखणे बहुधा बरगड्यांमधल्या स्नायूंचे असते. भराभर श्वासाने ते स्नायू आंबतात, आणि केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या माणसाचे ते तसेही आंबलेले असतात. थंडीत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या भरीत पार्टीनंतर, भरपूर मिरची आणि तेल पोटात घेऊन लगेच आडवे झाल्यावर, अन्ननलिकेत आम्ल चढून छातीच्या मधोमध जे जळते ते थेट हृदयाच्या दुखण्यासारखे भासते. माझ्या दवाखान्यात डिसेंबर-जानेवारीत असे रुग्ण हमखास येतात. पण या ओळखींवर कोणी डोळे झाकून विसंबू नये. मधुमेहींमध्ये, स्त्रियांमध्ये आणि वयस्करांमध्ये खरा झटकाही कधी कधी केवळ दम लागणे, मळमळ किंवा पित्त म्हणून समोर येतो.

मी स्वतः यात चुकलो आहे, म्हणून हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. उमेदीच्या काळात एका शिक्षिकेला मी जवळपास दोन वर्षे 'घाबरण्याचा आजार' म्हणून औषध देत होतो. ईसीजी प्रत्येक वेळी नॉर्मल, कारण ती येईपर्यंत धडधड थांबलेली असे. एका संध्याकाळी ती माझ्यासमोर खुर्चीत बसलेली असतानाच त्रास सुरू झाला आणि ईसीजीवर गती निघाली १८६, अगदी एकसारखी. तिच्या हृदयात विजेच्या प्रवाहाची जन्मजात जास्तीची वाट होती. पुढे मोठ्या शहरात ती वाट कॅथेटरने जाळून बंद केल्यावर धडधड थांबली. उत्तर तिच्या बोलण्यातच होते. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती की बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण दाबल्यासारखी थांबते. पॅनिकची धडधड चढत जाते आणि हळूहळू उतरते. बसल्याजागी क्षणात १५०च्या वर जाऊन तशीच क्षणात थांबणारी, गळ्यात टकटक करणारी धडधड वेगळी. मी ऐकले होते, पण कानावर घेतले नव्हते. म्हणून आता माझा नियम असा आहे की धडधडीच्या प्रत्येक रुग्णाने त्रास चालू असताना निदान एकदा तरी, जवळ असेल त्या केंद्रात, ईसीजी काढून घ्यावा. तुमच्या सातपैकी किती ईसीजी भर त्रासात काढले गेले, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते पाहून घ्या. आणि ईसीजी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले ते कागद काळवंडतात किंवा पुसट होतात, म्हणून मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा.

ऑटोला दोष देण्याआधी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात, आणि तुमच्या यादीत त्या मला दिसल्या नाहीत. थायरॉईड जास्त काम करत असेल, तर धडधड, घाम, हाताला कंप आणि वजन घटणे हे सारे हुबेहूब चिंतेसारखे दिसते. टीएसएच या एका रक्ततपासणीने ते कळते. हिमोग्लोबिन कमी असले तरी हृदय पळते. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे तिकडच्या तरुणाच्या छातीत दुखण्याला मी कधीही 'मनाचे' म्हणून मोकळा होत नाही. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप तरुण बाईत केवळ दम आणि धडधड म्हणून दिसते, पण ती इकोमध्ये सापडते आणि तुमचा इको झालेला आहे. साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण चुकवणे, दम्याचा पंप जास्त वेळा घेणे, सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली नाक मोकळे करणारी गोळी, उन्हात दिवसभर काम करून पाणी आणि मीठ कमी पडणे, यांपैकी कशानेही हृदय पळू शकते. आणि कपाशीवर किंवा केळीवर फवारणी केल्यानंतर काही तासांत छाती आवळली, तोंडाला लाळ सुटली, नजर अंधुक झाली, तर तो पॅनिक अटॅक समजून बसू नये. अंगावरचे कपडे काढून, अंग धुऊन, औषधाच्या डब्यासह थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

खऱ्या धोक्याची लक्षणे वेगळी सांगतो. चढ चढताना किंवा ओझे उचलताना येणारे आणि थांबल्यावर ओसरणारे छातीचे दडपण. छातीच्या मधोमध ठेवलेल्या दगडासारखे वजन, जे हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत हटत नाही. धडधडीबरोबर शुद्ध हरपणे. आडवे झाल्यावर लागणारा दम आणि पायांवरची सूज. घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलेले असणे. यांतले काही असेल किंवा चाळिशी उलटलेल्या, मधुमेह, रक्तदाब वा तंबाखू असलेल्या माणसाला छातीत पहिल्यांदाच असे काही झाले, तर हे पॅनिक आहे की झटका याचा निवाडा घरी करायचा नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करायचा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल, तर रक्तातले ट्रोपोनिन हे प्रथिन काही तासांत वाढते आणि लागल्यास तीन-सहा तासांनी ती तपासणी पुन्हा करून निर्णय घेता येतो. अशा वेळी दवाखान्यात जाऊन 'काही नाही' असे निघाले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता अँजिओग्राफीचा प्रश्न. तुम्ही लिहिले त्यावरून, म्हणजे वय ३६, श्रमाने न येणारा त्रास, नॉर्मल इको आणि पुरी झालेली नॉर्मल टीएमटी, मला तूर्त तिची गरज दिसत नाही. अंतिम शब्द अर्थातच तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचा. सोक्षमोक्षासाठी तपासणी, या कल्पनेतच एक गफलत आहे. भराभर श्वास घेतल्याने ईसीजीत काही वेळा तात्पुरते बदल दिसतात, आणि टीएमटी काही निरोगी माणसांतही खोटी पॉझिटिव्ह येते. जितक्या वेळा तपासाल, तितकी अशी एखादी खोटी रेघ उमटण्याची शक्यता वाढते. मग त्या रेघेसाठी पुढची तपासणी, आणि तिचा स्वतःचा, थोडा का होईना, धोका. शिवाय नॉर्मल रिपोर्टने मिळणारा दिलासा किती दिवस टिकतो, हे तुम्ही स्वतः मोजले असेल. पहिला ईसीजी महिनाभर पुरला असेल, सातवा चार दिवसही पुरला नसेल.

हा आजार काही मोबाइलच्या काळात जन्मलेला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातील सैनिकांना तपासून जेकब द कोस्टा या डॉक्टरने १८७१मध्ये 'चिडखोर हृदय' असे त्याचे वर्णन केले: धडधड, छातीत कळ, दम, आणि तपासल्यावर बहुतेकांच्या हृदयात दोष नाही. पहिल्या महायुद्धात त्यालाच 'सैनिकाचे हृदय' म्हटले गेले. पॅनिक डिसऑर्डर या नावाने त्याला स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८०मध्ये. तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षे अनेक जण मोटारच उघडून पाहत होते.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात: कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असतो आणि रात्री तीन-चार वेळा बोट घालून पाहतो. माझ्या मते सहा महिने हा आजार जिवंत ठेवणाऱ्या गोष्टींत या सवयीचा वाटा मोठा आहे. नाडी पाहायची म्हटली की मनात भीती येते, भीतीने नाडी ८० वरून ९५ होते, आकडा पाहून भीती वाढते आणि आकडा १०५ होतो. ज्या रात्री तो ७२ दिसतो, त्या रात्री मेंदू शिकतो की 'पाहिले म्हणून सुटलो'. तरुण माणूस नाचता नाचता कोसळल्याचे जे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात, ते तुम्ही पुन्हा पुन्हा पाहत असाल, तर त्याचेही हेच. ऑक्सिमीटर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाटात ठेवा, आणि किल्लीही त्यांच्याकडेच राहू द्या. पहिले चार-पाच दिवस जड जातील.

झोपेची गोळी म्हणजे तुमच्या पावतीवरची अल्प्राझोलाम ०.२५. ती अर्ध्या तासात गुण देते, आणि अडचण त्याच गुणात आहे. शरीराला तिची सवय लागते, तेवढ्या गोळीने भागेनासे होते, आणि एकाएकी बंद केली तर मूळ आजारापेक्षा वाईट अस्वस्थता, क्वचित आकडीही येते. म्हणून स्वतःहून चालू ठेवू नका आणि हे वाचून उद्या बंदही करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत उतरवावी लागेल. मूळ उपचाराची औषधे वेगळी आहेत: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी. ती झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावत नाहीत, मात्र गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात धडधड व बेचैनी उलट थोडी वाढू शकते. हे आधी न सांगितल्यामुळे निम्मे रुग्ण पाचव्या दिवशी गोळी फेकून देतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून ती अगदी कमी मात्रेत सुरू करतात, आणि बरे वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मगच हळूहळू थांबवतात. प्रोप्रानोलोल धडधड कमी करते, पण ती ऑटोला हात लावत नाही, आणि दमा असलेल्याला देता येत नाही.

गोळीइतकाच गुण देणारा दुसरा उपचार म्हणजे सीबीटी, विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धतशीर शिकवणी. तिच्यातला एक भाग ऐकायला विचित्र वाटतो. ज्या संवेदनांची भीती वाटते, त्या मुद्दाम निर्माण करायच्या: जागच्या जागी एक मिनिट पळायचे, खुर्चीत बसून गोल फिरायचे, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. धडधड होते, गरगरते, आणि मग माणूस काहीही न करता ती उतरताना पाहतो. दहा-वीस वेळा पाहिल्यावर मेंदू हळूहळू धडधडीचा आणि मरणाचा लावलेला संबंध सोडून देतो. तुमचा इको आणि टीएमटी नॉर्मल असल्याने हे तुमच्यासाठी बहुधा सुरक्षित ठरेल, पण सुरुवात तज्ज्ञासमोरच करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या मनोविकार विभागात दाखवा. फोनवर बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२पासून १४४१६ क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. चहा दोन-तीन कपांवर आणा, तोही दुपारी चारच्या आत. एकदम बंद केलात, तर दोन दिवस डोके दुखेल. तंबाखू सोडा, ते मात्र हृदयासाठीच.

'बाहेरचे' म्हणून आईने भगताकडे नेल्याचे तुम्ही संकोचाने लिहिले आहे. संकोच नको. आईला मुलाचे दुखणे खरे वाटले, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यापैकी काहींना तेवढेही वाटले नाही. कानबाईला नवस बोलला असेल तर तो फेडा. मात्र उपवास, अंगारा किंवा उतारा यांच्यापायी औषध चुकवू नका, आणि कुठलाही काढा पोटात घेण्याआधी विचारा.

राहिला रात्रीच्या लाईटचा प्रश्न. धोक्याची म्हणून सांगितलेली लक्षणे नसतील आणि टीएसएच, हिमोग्लोबिन ठीक आले, तर शेतात जा. न जाण्याने भीतीला बळ मिळते. आज शेत सुटले, उद्या एकट्याने भुसावळला जाणे सुटेल, आणि मग अंगणात झोपणेही. पहिले तीन-चार दिवस भावाला बांधापर्यंत सोबत घ्या आणि तिथेच थांबवा, मग घरी ठेवा. गोळी रात्री चालू असेपर्यंत मोटारसायकलवर मात्र दुसऱ्या कोणाला तरी पुढे बसवा, कारण तिने झापड येते. ठिबकचा व्हॉल्व फिरवताना धडधड सुरू झाली, तर घराकडे धावू नका आणि नाडीला हात लावू नका. बांधावर बसा, श्वास सहा अंकांपर्यंत सोडत राहा, आणि हातातले काम अर्धे राहिले असेल तर पाचेक मिनिटांनी उठून तेवढे पुरे करा. किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता उतरले, एवढेच एका वहीत लिहा. पुढच्या भेटीला ईसीजींची पिशवी आणू नका. टीएसएच, हिमोग्लोबिन आणि ती वही घेऊन या.